उन्हाचा सण

नॉर्वेतील ट्रॉम्सो गावी माझ्या धाकट्या बहिणीचा संसार आहे. तिथे नोव्हेंबरअखेर बुडालेला सूर्य जानेवारीच्या मध्यापर्यंत उगवतच नाही. दुपारी घटकाभर निळसर उजेड, की पुन्हा काळोख. पहिल्या हिवाळ्यात पोरे इतकी किरकिरी झाली, की तिने त्यांना पुण्यास आजीकडे धाडण्याचे मनात आणले. शेजारीण म्हणाली, "कोंडू नका हो त्यांना! लोकरीत गुंडाळून रोज बर्फात खेळू द्या. ऊन नाही, म्हणून 'ड' जीवनसत्त्वासाठी चमचाभर कॉड माशाचे तेल पाजा." पोरे सावरली. २१ जानेवारीच्या सुमारास डोंगराआडून सूर्य डोकावतो, तेव्हा गावभर मुरंबा भरलेले गोड पाव खातात. मागल्या खेपेस मी तिथेच होतो. भाची म्हणाली, "मामा, ही आमची संक्रांत!" वाचकहो, घरात पोरे असली, की सूर्याची वाट पाहणे हाही सणच होतो.