दोन जुन्या मोटारी

जुनी नाणी अथवा टपालाची तिकिटे जमविण्याचा छंद आपल्या परिचयाचा आहे. जुन्या मोटारी मिळवून त्या चालत्या स्थितीत राखणारे छांदिष्टही जगात पुष्कळ आहेत. त्यांच्या संग्रहांत दोन मोटारींना मोठा मान असतो. एक इंग्लंडची 'सिल्व्हर घोस्ट' व दुसरी अमेरिकेची 'मॉडेल टी'. दोघींचा काळ जवळजवळ एकच. परंतु त्यांच्या निर्मात्यांची ध्येये अगदी भिन्न होती.

रोल्स-रॉइस कंपनीचे हेन्री रॉइस यांचे बालपण दारिद्र्यात गेले. पोटासाठी त्यांना वर्तमानपत्रे विकावी लागली. पुढे निर्दोष यंत्र घडविणे हाच त्यांचा ध्यास झाला. १९०६ साली त्यांनी सिद्ध केलेल्या मोटारीचे इंजिन सहा नळकांड्यांचे असूनही चालताना फारसा आवाज करीत नसे. म्हणूनच त्यांतील एका रुपेरी गाडीस 'रुपेरी भूत' या अर्थाचे हे नाव मिळाले आणि पुढे ते त्या जातीच्या सर्वच गाड्यांना लागले. १९०७ साली ती गाडी कसोटीसाठी सुमारे १५,००० मैल धावली. कारखाना केवळ सांगाडा व इंजिन देई. वरचा साज गिऱ्हाइकाच्या इच्छेनुसार अन्य कारागीर चढवीत. अशा आठ हजारांहूनही कमी गाड्या निघाल्या. भारतातील संस्थानिकांनीही त्या हौसेने घेतल्या.

हेन्री फोर्ड हे शेतकऱ्याचे पुत्र. सामान्य माणसास परवडेल अशी मोटार त्यांना हवी होती. १९०८ साली निघालेली त्यांची 'मॉडेल टी' वीस अश्वशक्तीची, हलकी व कणखर होती. खेड्यांतील खडबडीत वाटांवरही ती चाले. १९१३ साली फोर्ड यांनी सरकत्या जोडणीची पद्धत आणली. सांगाडा कामगारांपुढून सरके आणि प्रत्येक जण आपले ठराविक काम करी. त्यामुळे बारा तासांहून अधिक वेळ घेणारी सांगाड्याची जोडणी सुमारे दीड तासात होऊ लागली. आरंभी ८५० डॉलरांच्या घरात असलेली किंमत उतरत गेली व १९२५ साली सर्वांत स्वस्त गाडी २६० डॉलरांस मिळू लागली. १९२७ पर्यंत दीड कोटी गाड्या तयार झाल्या.

हाच भेद आज संग्राहकासही जाणवतो. 'सिल्व्हर घोस्ट' दुर्मिळ असल्याने तिचे मोल कोट्यवधी रुपयांत जाते आणि मूळचा साज टिकून असल्यास ते आणखी वाढते. तिच्या दुरुस्तीस कुशल कारागीर लागतो. 'मॉडेल टी' त्या मानाने अल्प किमतीत मिळते. तिचे सुटे भाग आजही नव्याने तयार होतात आणि हौशी माणूस घरच्या घरी तिची दुरुस्ती करू शकतो.

मग यांत श्रेष्ठ कोणती? केवळ किमतीवरून याचा निवाडा करणे योग्य नव्हे. वस्तू किती उत्तम घडविता येते, हे एकीने दाखविले. ती किती लोकांच्या दारी पोहोचविता येते, हे दुसरीने दाखविले. खरा संग्राहक दोघींनाही सारख्याच आदराने जपतो.