चरख्याची सोयरीक

वर्धा जिल्ह्यात चरखा हा शब्द लहान मुलालाही ठाऊक असतो. 1936 साली गांधीजी सेगावला राहायला आले आणि त्याच गावाचे पुढे सेवाग्राम झाले. 1938 साली वर्ध्यात मगन संग्रहालय उघडले, तिथे चरख्यांचे नाना प्रकार मांडलेले आहेत. शब्द मात्र फारसी आहे. ‘चर्ख’ म्हणजे फिरणारे चाक. फारसी आणि संस्कृत या भाषाभगिनी असल्याने तो ‘चक्र’ शब्दाचा सख्खा नातलग ठरतो.

नाते इथे थांबत नाही. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत चाकाला ‘ह्वेओल’ म्हणत. आजचे ‘व्हील’ ते हेच. कानाला चक्र आणि ह्वेओल यांत काहीही साम्य वाटत नाही. याकोब ग्रिम या जर्मन पंडिताने 1822 साली मांडलेल्या नियमाने हे कोडे सुटते: या सर्व भाषांच्या समान मूळ भाषेतला ‘क’ इंग्रजीच्या कुळात ‘ह’ झाला, ‘त’चा ‘थ’ झाला. संस्कृतात त्याच ‘क’चा ‘च’ झाला, ग्रीकमध्ये तो ‘कुक्लोस’मध्ये टिकला आणि त्यावरून सायकल आली. एकाच घरातले चार शब्द मराठीत चार वाटांनी आले आहेत. चाक प्राकृतातून झिजत आले, चक्र संस्कृतातून जसेच्या तसे उचलले गेले, चरखा फारसीने दिला आणि सायकल इंग्रजीने.

टकळीची कूळकथा याहून सुरस आहे. संस्कृतात चातीला ‘तर्कु’ म्हणत, म्हणजे पीळ देणारी. लॅटिनमधले पिळण्याचे क्रियापद ‘तोर्क्वेरे’ याच मुळाचे आहे. जुन्या इंग्रजीत ‘थ्वेओर्ह’ म्हणजे वाकडा, आडवा. इथे ‘त’चा ‘थ’ झालेला सरळ दिसतो. विचाराला पीळ देणारा ‘तर्क’ हा शब्दही अनेक अभ्यासक याच मुळाशी जोडतात. मागावरचा ‘ताणा’ ‘तन्’ म्हणजे ताणणे या धातूचा. ताणून बारीक झालेले ते इंग्रजीत ‘थिन’. शिवणे आणि इंग्रजी ‘सो’ यांचे मूळही एकच.

सर्वांत देखणा संस्कृत शब्द मात्र कोळ्यासाठीचा आहे: ‘ऊर्णवाभि’, लोकर विणणारा. त्यातली ऊर्णा म्हणजे इंग्रजीतली ‘वुल’, आणि ‘वाभि’मध्ये इंग्रजीचेच ‘वीव्ह’, विणणे. अख्खा समासच दोन्ही भाषांच्या सामायिक ठेव्यातून घडला आहे.

कापूस हा शब्द मात्र या गोतावळ्यात बसत नाही. वर्धा जिल्ह्यातल्याच हिंगणघाटचा ‘बनी’ कापूस एकोणिसाव्या शतकात परदेशी बाजारात नावाजलेला होता, आणि 1881 साली तिथे बन्सीलाल अबीरचंद यांची कापडगिरणी उभी राहिली. पण ‘कर्पास’ हा शब्द आर्यभाषांच्या आधीच्या इथल्या भाषांतून संस्कृतात आला असावा, असे अनेक भाषाविद मानतात. तो पश्चिमेला ग्रीकमध्ये ‘कार्पासोस’, लॅटिनमध्ये ‘कार्बासुस’ होऊन पोहोचला. लोकर आणि जवसाच्या धाग्यावर जगणाऱ्या जुन्या इंग्लंडला कापूस ठाऊक नव्हता; त्यांनी ‘कॉटन’ हे नाव पुढे अरबी ‘कुत्न’वरून घेतले.

तिथे कातण्याविणण्याचे काम बायकांचे होते, हेही शब्दांनी जपले आहे. जुन्या इंग्रजीत ‘-एस्त्रे’ हा स्त्रीवाचक प्रत्यय होता. विणणारी ती ‘वेब्बेस्त्रे’. तिचेच वेबस्टर हे आडनाव झाले आणि नोआ वेबस्टरच्या 1828 च्या शब्दकोशावर झळकले. ‘स्पिन्स्टर’ म्हणजे कातणारी. सतराव्या शतकापर्यंत कायद्याच्या कागदांत त्याचा अर्थ अविवाहित स्त्री असा रूढ झाला, आणि कष्टाने पोट भरणाऱ्या बाईचे नाव हळूहळू हिणवण्याचे झाले. हा त्या शब्दावर झालेला अन्यायच.

मराठीनेही इंग्रजीला या व्यवहारात एक शब्द दिला. मुंबईच्या डोंगरी भागातल्या जाड्याभरड्या सुती कापडाला इंग्रज व्यापारी ‘डंगरी’ म्हणू लागले. पुढे त्या कापडाचे कामगारांचे आणि खलाशांचे कपडे शिवले गेले, आणि कापडाचे नाव कपड्याला चिकटून ‘डंगरीज’ झाले.