माउंटचे पर्याय लिहून ठेवा, पावसाच्या आकड्यांसारखेच

तुमचा डेटा लॅबच्या सर्व्हरवर आहे आणि तुम्ही तो आपल्या मशीनवरून नेटवर्क फाइल सिस्टिममधून, म्हणजे एनएफएसमधून, वापरता. मग एक प्रश्न स्वतःला विचारा: तो फोल्डर कोणत्या पर्यायांनी माउंट केलाय? बहुतेकांचं उत्तर असतं, "ते अ‍ॅडमिनला माहीत." उत्तर खोटं नाही, पण प्रबंधाच्या 'संशोधन पद्धती' प्रकरणात ते चालत नाही. का, ते बघू.

आधी पावसाचं उदाहरण घेऊ. २२ जुलै २०२१ च्या संध्याकाळी महाड तालुक्यात तळियेवर दरड कोसळली आणि ८० हून अधिक माणसं गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यातही दरडी आल्या. आता हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होऊन दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला संपतो, आणि आकडा दुसऱ्या दिवसाच्या तारखेसमोर लिहिला जातो. म्हणजे २२ तारखेच्या संध्याकाळचा पाऊस दैनंदिन तक्त्यात २३ जुलैला सापडतो. ही टीप हरवली, तर दरड आधी आणि पाऊस नंतर, असं उलटंच चित्र दिसेल. आकडा खराच असतो, पण तो कसा मिळाला हे सोबत नसल्यामुळे फसवतो.

माउंटच्या पर्यायांचंही तसंच आहे. एनएफएस सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये आणली. दुसऱ्या मशीनवरचा फोल्डर आपल्याच मशीनवर असल्यासारखा वापरता यावा, एवढाच तिचा हेतू. पण मध्ये नेटवर्क असतं. ते अडखळलं तर काय करायचं, हे पर्याय ठरवतात.

पहिला पर्याय: हार्ड की सॉफ्ट. हार्ड असेल तर सर्व्हर परत येईपर्यंत क्लायंट प्रयत्न करत राहतो. प्रोग्रॅम अडकून बसतो, आपण वैतागतो, पण तो खोटं बोलत नाही. सॉफ्ट असेल तर ठरावीक प्रयत्नांनंतर क्लायंट हात वर करतो आणि प्रोग्रॅमला एरर देतो. प्रोग्रॅमने ती एरर तपासली तर ठीक. नाही तपासली तर?

समजा, सावित्रीच्या खोऱ्याचा तासातासाचा पाऊस तुमची स्क्रिप्ट एका मोठ्या फाइलमध्ये लिहितेय. वीज गेली, नेटवर्क स्विच थोडा वेळ बंद पडला. फाइलचा मधला तुकडा लिहिलाच गेला नाही, पुढचा मात्र लिहिला गेला. अशा फाइलमधली रिकामी जागा वाचताना शून्य मिळतं. आणि पावसाच्या डेटात शून्य म्हणजे 'पाऊस नाही'! नोंद नसणं आणि पाऊस नसणं यातला फरक पुसला गेला. दरडीचा अभ्यास करणाऱ्याला याहून वाईट काय असेल? लिनक्समध्ये हार्ड हाच डिफॉल्ट आहे, तो याच कारणासाठी. जिथे डेटा लिहायचा आहे, तिथे तो बदलू नका.

दुसरा पर्याय: टाइमओ, म्हणजे उत्तराची वाट किती वेळ बघायची. याचं एकक सेकंदाचा दहावा भाग आहे. टाइमओ ६०० म्हणजे ६० सेकंद. दहा मिनिटं नव्हेत. एकक न लिहिता नुसता आकडा टिपला, तर वाचणारा चुकणारच.

तिसरा पर्याय: अ‍ॅट्रिब्यूट कॅश. फाइलची वेळ, आकार वगैरे माहिती क्लायंट काही काळ स्वतःजवळ ठेवतो, दर वेळी सर्व्हरला विचारत नाही. लिनक्सच्या डिफॉल्टनुसार हा काळ फाइलसाठी ३ ते ६० सेकंद आणि डिरेक्टरीसाठी ३० ते ६० सेकंद असतो. म्हणून सहकाऱ्याने आत्ताच टाकलेली फाइल तुमच्या यादीत लगेच दिसेलच असं नाही. "आली असेल ती फाइल उचल" अशी तुमची स्क्रिप्ट असेल, तर हे लिहून ठेवायलाच हवं.

बरं, लिहायचं काय? एफएसटॅब फाइलमधली ओळ चिकटवली की झालं, असं वाटतं. पण त्या ओळीत आपण काय मागितलं ते असतं. काय मिळालं ते नसतं. एनएफएसची आवृत्ती, एका वेळी वाचायच्या-लिहायच्या तुकड्याचा आकार, या गोष्टी क्लायंट आणि सर्व्हर आपसात ठरवतात. शिवाय नुसतं 'डिफॉल्ट्स' लिहिलं असेल तर त्यातून काहीच कळत नाही, कारण डिफॉल्ट कर्नलबरोबर बदलू शकतात. उलट काही पर्याय ओळीत असूनही निष्प्रभ असतात. जुन्या मार्गदर्शिकांमधला 'इंटर' पर्याय कर्नल २.६.२५ पासून नुसता दुर्लक्षित केला जातो. म्हणून एनएफएसस्टॅट ही कमांड 'एम' पर्यायासह चालवा. प्रत्यक्षात लागू असलेले पर्याय ती दाखवते.

तुमच्या रीडमी फाइलमध्ये पाच गोष्टी ठेवा: तारीख आणि कर्नलची आवृत्ती, एफएसटॅबमधली मागणी, एनएफएसस्टॅटचं उत्तर, डिफॉल्टपेक्षा वेगळा असलेला प्रत्येक पर्याय आणि त्यामागचं एका वाक्यातलं कारण, आणि सर्व्हरच्या बाजूने एक्स्पोर्ट 'सिंक' आहे की 'असिंक'. ही शेवटची गोष्ट क्लायंटवरून दिसत नाही, ती अ‍ॅडमिनला विचारावी लागते. सर्व्हर 'असिंक' असेल, तर डेटा डिस्कवर पोचण्याआधीच तो "झालं" म्हणतो. त्या क्षणी सर्व्हर बंद पडला तर डेटा गेला, आणि तुमचं हार्ड माउंट तिथे काही करू शकत नाही.

या सगळ्याला अर्धा तास लागतो. तुमच्यानंतर तोच डेटा वापरणारा विद्यार्थी एखाद्या शून्यावर बोट ठेवून विचारेल, "इथे खरंच पाऊस नव्हता का?" त्याला उत्तर देता यावं, यासाठी हा अर्धा तास.