मलंगगडाच्या रानाचं वजन

शिवमंदिराजवळ आमच्या गटाची बैठक चालू होती. एक जण रंगीत नकाशा घेऊन आला. म्हणाला, "मलंगगडाकडच्या तुमच्या उतारावर इतके टन कार्बन आहे, सह्या करा, पैसे मिळतील." वजन कुणी केलं विचारलं, तर म्हणे उपग्रहानं. आता उपग्रहाकडे तराजू कुठून येणार? म्हणून आम्ही माहिती काढली.

झाडाचं खोड, फांद्या, पानं, मुळं यांचं मिळून जे वजन, तो जैवभार. सुक्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मा कार्बन असतो. झाड न तोडता वजन काढायचं, तर जमिनीपासून 1.37 मीटरवर खोडाचा घेर मोजतात. उतारावर ही उंची चढाच्या बाजूनं धरायची. घेर आणि झाडाची जात कळली की सूत्रानं वजन निघतं. ऐन जड, सावर हलकी, हे मोळी वाहणाऱ्या बाईला वेगळं सांगायला नको.

असे थोडे तुकडे जमिनीवर मोजायचे, त्यांच्याशी उपग्रहाचं चित्र जुळवायचं आणि बाकीच्या रानाचा अंदाज बांधायचा. साधं चित्र हिरवेपणा दाखवतं. पण पावसाळ्यात गवतही हिरवंगार, उन्हाळ्यात साग उघडा, आणि चार महिने ढग. रडारच्या लहरी मात्र ढगांतून पार जातात. 30 जुलै 2025 ला इस्रो आणि नासानं सोडलेल्या निसार उपग्रहावर असंच रडार आहे. त्याच्या सुमारे 24 सेंटिमीटर लांबीच्या लहरी पानांतून आत शिरून फांद्या-खोडांवरून परततात.

डोंगरात खरी गोम आहे. रडार तिरकं बघतं. त्याच्यासमोरचा उतार जास्त चकाकतो, म्हणून तिथलं रान आहे त्याहून दाट वाटतं. कड्यामागची बाजू सावलीत जाते, तिथलं काहीच कळत नाही. उंचीचा नकाशा वापरून ही चूक कमी करतात, पूर्ण जात नाही. जमिनीवरही फसगत होते. 30 अंशांच्या चढावर दोरी टेकवून 100 मीटर मोजले, तर नकाशावर ते 87 मीटरच भरतात. दोरी आडवी, सपाट धरावी लागते.

आम्ही त्या माणसाला दोनच गोष्टी विचारल्या. आमच्या उतारावर घेर मोजलेले तुकडे किती नि कुठे? आणि अंदाज किती टनांनी इकडेतिकडे होऊ शकतो? तो "पुढच्या बैठकीला सांगतो" म्हणाला. कागद गटाच्या पेटीत आहे, सह्या केलेल्या नाहीत.