खापर सापडलं म्हणून रान जात नाही

"गुपचूप बुजवून टाक. कुणाला कळलं तर रान सरकारजमा होईल." विहीर खणताना, शेततळ्याला जेसीबी लावल्यावर किंवा खोल नांगरटीत काही जुनं वर आलं, की बांधावर मिळणारा पहिला सल्ला हा. देणारा गावातला चांगला शहाणासुरता माणूस असतो. असं झालेलं त्यानं स्वतः कधी पाहिलेलं नसतं. 'अमक्याच्या मेव्हण्याचं गेलं' एवढाच पुरावा. तो मेव्हणा नेहमी शेजारच्या तालुक्यातला असतो आणि त्या तालुक्यात चौकशी केली की त्याच्याही पलीकडच्या.

मग मूर्ती नदीत सोडली जाते, नाणी सोनाराकडे जातात, विटा नव्या गोठ्याच्या पायात जातात. रान वाचवल्याचं समाधान मिळतं, पण ते रान कुणी मागितलेलंच नसतं.

कायदा काय म्हणतो ते एकदा नीट पाहू. जमिनीत दडलेल्या मौल्यवान वस्तूंसाठी आपल्याकडे अजूनही १८७८ चा निखात निधी कायदा लागू आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचं काही सापडलं, तर सापडणाऱ्यानं होईल तितक्या लवकर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं: काय सापडलं, किती, कुठे, कोणत्या तारखेला. चौकशीत ते धन बेवारस ठरलं आणि जमीनमालकाशी वेगळा करार नसला, तर तीन हिस्से सापडणाऱ्याचे आणि एक हिस्सा जमीनमालकाचा. म्हणजे मजुराच्या कुदळीला लागलं तर मोठा वाटा मजुराचा! सरकारला वस्तू ठेवून घ्यायची असेल, तर तिच्यातल्या धातूची किंवा ऐवजाची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा मोजावा लागतो. न कळवता लपवलं तर वाटा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिक्षा आहे ती लपवण्याला. सातबारा या कायद्यात कुठेच येत नाही.

आता खरं बोलायचं तर हा मोबदला कंजूष आहे. दोन हजार वर्षांच्या तांब्याच्या नाण्याला तांब्याचा भाव आणि वर वीस टक्के, म्हणजे चहापाण्याचेही पैसे नाहीत. शेतकरी यावर चिडला तर त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण ती तक्रार वेगळी आणि 'रान जातं' हे वेगळं.

या भीतीचं मूळ दुसऱ्या कायद्यात आहे. १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली आणि केंद्राच्या संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी, त्यापुढे आणखी २०० मीटरपर्यंत परवानगीची अट आली. किल्ल्याखाली किंवा लेण्यापाशी घर असलेल्यांना हा जाच खराच आहे. पण तो संरक्षित स्मारकापुरता. महाराष्ट्रात अशी केंद्रसंरक्षित ठिकाणं तीनशेच्या आत आहेत. एखादी जागा नव्यानं त्या यादीत घ्यायची तर आधी अधिसूचना निघते आणि हरकतीसाठी दोन महिने मिळतात. नांगराला खापर लागलं म्हणून जागा आपोआप संरक्षित होत नाही. त्याच कायद्यानुसार पुरातत्त्व खात्यानं शेतात उत्खनन केलं आणि पीक बुडालं, तर नुकसानभरपाईचीही तरतूद आहे. हे मात्र बांधावर कुणी सांगत नाही.

नोंद न होता वस्तू वर आली की काय जातं ते दायमाबादला कळतं. अहिल्यानगर जिल्ह्यात श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी हे ओसाड टेकाड आहे. १९७४ मध्ये तिथे झाडाचं मूळ खणताना एका गावकऱ्याला ब्राँझच्या चार वस्तू सापडल्या: बैलजोडीचा रथ आणि त्यात उभा सारथी, शिवाय हत्ती, गेंडा आणि म्हैस. चारही मिळून वजन साठ किलोंच्या वर. रथ सुमारे हातभर लांब आहे आणि बैलांच्या मागे दांडीवर एक छोटा कुत्राही उभा आहे. भारतीय धातुकलेत याला तोड नाही. पण या वस्तू रीतसर उत्खननात मिळाल्या नाहीत. त्या नेमक्या कोणत्या थरात होत्या याची नोंद नाही, म्हणून त्यांच्या काळाबद्दल अभ्यासक अजून भांडताहेत. कुणी त्यांना उत्तर हडप्पा काळातल्या मानतं, तर कुणी धातूतल्या आर्सेनिकच्या प्रमाणावर बोट ठेवून शंका काढतं. वस्तू हाती आहे आणि काळ निसटला आहे. त्या माणसानं वस्तू गिळंकृत केल्या नाहीत म्हणून आपल्याला निदान भांडता तरी येतं.

नदीकाठच्या पांढरीच्या टेकाडात हे थर एकावर एक बसलेले असतात. मातीचं घर पडतं, त्याच ढिगावर दुसरं उभं राहतं, राख-शेण-केरकचरा साचत जातो आणि शतकानुशतकं जमीन उंच होत जाते. नेवाशाला १९५४ ते ५६ या काळात पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलियांच्या पथकानं खणलं, तेव्हा अश्मयुगीन हत्यारांपासून ताम्रपाषाण वस्ती, सातवाहन काळ आणि पार मध्ययुगापर्यंतचे अवशेष एकाच गावात मिळाले. म्हणूनच 'एका जागी सापडलं म्हणजे एकाच काळातलं' हा समज टिकत नाही. ट्रॅक्टरचा नांगर खालचा थर वर आणतो आणि सातवाहनांचं नाणं निजामाच्या नाण्याशेजारी पडतं. आपण तर धाब्याच्या घरांवर टाकायला आणि वावरात पसरायला पांढरीची माती गाड्या भरभरून नेली. कित्येक टेकाडं अशीच सपाट झाली, एकाही चोराची मदत न घेता.

किरकोळ समज थोडक्यात उरकतो.

घराच्या जमिनीखाली तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली दोन मडकी आणि आत लहान मुलाची हाडं निघाली, की 'नरबळी' म्हणून ओरड होते. इनामगावला, नेवाशाला अशी कितीतरी सापडली आहेत. मेलेलं मूल घरातच पुरण्याची ती ताम्रपाषाण काळातली रीत होती.

नागपूरजवळच्या जुनापाणीसारखी दगडांची वर्तुळं पांडवांनी मांडलेली नाहीत. ती लोहयुगातल्या लोकांची दफनं आहेत.

गधेगाळीखाली हंडा नसतो. दान दिलेली जमीन कुणी बळकावू नये म्हणून कोरलेला तो शापाचा दगड आहे.

शिवराई लाखाला विकली जाते, हे फक्त मोबाइलवरच्या व्हिडिओत. ती अमाप पाडली गेली आणि बहुतेकींना साधाच भाव येतो.

'माझ्या रानात सापडलं म्हणजे माझंच' हेही अर्धवट खरं. वरचे हिस्से पुन्हा वाचा.

तेव्हा काही सापडलं तर खणणं तिथेच थांबवा. जागेवर असतानाच फोटो काढा, शेजारी टिकाव किंवा वीत ठेवून, म्हणजे आकार कळेल. नाणं चिंच लावून घासू नका, मूर्तीला शेंदूर फासू नका, मडक्यातली माती बाहेर ओतू नका. तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांना अर्ज द्या. त्यात गट नंबर, किती हात खोल आणि कोणत्या तारखेला हे लिहा. एक प्रत राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाच्या विभागीय कार्यालयाला पाठवा. आणि अर्जाची पोच शिक्का मारून घ्या, कारण हिस्सा मागायला जाल तेव्हा तीच लागेल.