पहिलं डोकं कुणाचं?

केस कापायला शिकणाऱ्याला कात्री मिळते, डमी मिळते, सर्टिफिकेटही मिळतं. समोर बसायला तयार असलेलं खरंखुरं डोकं मात्र मिळता मिळत नाही. ते तुम्ही द्याल का?

२०२० चा उन्हाळा आठवून बघा. मार्चअखेर लॉकडाऊन लागला, सलूनला कुलपं लागली आणि आपल्या राज्यात ती उघडली थेट २८ जूनला. मधल्या तीन महिन्यांत तुमच्या केसांचं काय झालं होतं? बऱ्याच घरांत चित्र सारखंच होतं. गच्चीत प्लॅस्टिकची खुर्ची, गळ्याभोवती जुनी चादर, मोबाइलवर यूट्यूबचा व्हिडिओ आणि मागे कात्री घेऊन उभा दादा, नाहीतर मम्मी. ‘हलू नको रे’ हे वाक्य दर मिनिटाला. आणि मग पुढचे आठ दिवस डोक्यावर टोपी.

म्हणजे बघा, तुमच्यापैकी कित्येक जण तेव्हाच हेअरकट मॉडेल होऊन बसलेत. फक्त तुम्हाला कुणी विचारलं नव्हतं, एवढंच. आता कुणी विचारलं तर?

फुकट ते पौष्टिक?

मॉडेल म्हटलं की रॅम्प, लाइट, कॅमेरा असं काहीतरी डोळ्यांसमोर येतं. हेअरकट मॉडेलचं काम त्याहून फार साधं आहे. शिकणाऱ्या मुलामुलींना सराव करता यावा म्हणून स्वतःहून खुर्चीत जाऊन बसायचं, बस्स. मुंबई-पुण्याच्या हेअर अकॅडम्यांना अशी माणसं सतत लागतात. लंडनमध्ये व्हिडाल ससून यांच्या नावाने चालणाऱ्या अकॅडमीत आजही लोक शिकाऊ हाताखाली बसतात आणि नेहमीच्या दरापेक्षा खूप कमी पैशांत केस कापून घेतात. हे ससून स्वतः चौदाव्या वर्षी एका सलूनमध्ये उमेदवारी करायला लागले होते. पुढे १९६० च्या दशकात त्यांचा ‘फाइव्ह पॉइंट कट’ जगभर गाजला. तो ज्यांच्या डोक्यावर झाला त्या ग्रेस कॉडिंग्टन तेव्हा मॉडेलिंग करायच्या.

केस कापायचे पैसे बहुतेक ठिकाणी लागत नाहीत, किंवा शाम्पू-कलरपुरते लागतात. पण पूर्ण फुकट काहीच नसतं. इथे तुम्ही पैशांऐवजी वेळ देता. सलूनमध्ये अर्ध्या तासात उरकणारा कट इथे दोन-तीन तास चालतो. दुसरं म्हणजे, कट बऱ्याचदा तुमच्या पसंतीचा नसतो. त्या दिवशी वर्गात जे शिकवायचं असेल ते तुमच्या डोक्यावर होतं. रीलमधला हिरो दाखवून ‘असं करून दे’ म्हणायची सोय तिथे नसेल, तर ते आधीच समजून घ्यायचं.

डमीला भोवरा नसतो

‘मग डमीवर शिकू दे की, आमचं डोकं कशाला?’ असा प्रश्न पडेल. डमीवर शिकतातच. वस्तरा धरायला शिकणारी पोरं तर फुग्याला फेस लावून त्यावर हात बसवतात. फुगा फुटला, की हात जड पडला हे कळतं. पण फुगा आणि डमी एका मर्यादेपर्यंतच शिकवतात.

डमीच्या डोक्यावर केस सारख्या अंतरावर रोवलेले असतात. तुमच्या डोक्यावर भोवरा असतो, काहींना तर दोन असतात. (‘दोन भोवरे म्हणजे दोन लग्नं’ हे आजीकडून ऐकलं असेलच!) भोवऱ्याजवळचे केस फार आखूड कापले की ते उभे राहतात, मग कितीही तेल लावा. कुणाचे केस मानेजवळ खालून वर वाढतात, कुणाचे कानामागे विरळ असतात. ओले केस ताणले जातात आणि वाळले की वर चढतात. कुरळे असतील तर आणखीच. डमी मान हलवत नाही, शिंकत नाही, कात्री कानाजवळ आली की दचकत नाही. ‘थोडेच कमी कर’ असंही म्हणत नाही. आता ‘थोडेच’ म्हणजे अर्धा इंच की दोन इंच, हे समोरच्याला विचारून घेणं हासुद्धा या कामातला मोठा धडा आहे.

मोठ्या केसांचे कट मुळात तीन पायांवर उभे असतात. वन लेंथमध्ये केस न उचलता सरळ खाली विंचरून एका रेषेत कापायचे. ग्रॅज्युएशनमध्ये बट साधारण ४५ अंशांत उचलायची, लेयरमध्ये ९० अंशांत. म्हणजे कंपासपेटीतला कोनमापक इथे बोटांत मुरवावा लागतो. मुलांच्या कटमध्ये मशीनचा नंबर बदलत बदलत फेड असा मिसळायचा, की मध्ये रेघ दिसायला नको. हे सगळं वहीत लिहून पाठ होतं, पण हातात यायला डोकी लागतात, आणि एकदोन डोक्यांवर भागत नाही. केळीचा घड नेमका कधी उतरवायचा हे ओळखणारी नजर एका हंगामात तयार होत नाही, हे सावद्याच्या पोरांना वेगळं सांगायला नको.

हसूरसासगिरीचं पहिलं गिऱ्हाईक

पहिल्या डोक्याचं मोल काय असतं, याची आपल्याच राज्यातली गोष्ट ऐका. कोल्हापूर जिल्ह्यातल्या गडहिंग्लज तालुक्यात हसूरसासगिरी नावाचं गाव आहे. तिथे श्रीपती यादव केशकर्तनाचं काम करायचे. १९८४ मध्ये ते अचानक गेले. मागे पत्नी शांताबाई आणि चार मुली. शेतमजुरीवर घर चालेना. तेव्हा गावातले जाणते हरिभाऊ कडूकर यांनी शांताबाईंना सुचवलं, की नवऱ्याचा धंदा तुम्हीच चालवा.

चाळीस वर्षांपूर्वीचं खेडं. बाईने पुरुषांची दाढी करायची, केस कापायचे? लोक हसले, नावं ठेवली. आणि तिच्यासमोर बसणार कोण? तेव्हा हरिभाऊ स्वतःच बसले. सल्ला देणारा माणूस पहिलं गिऱ्हाईक झाला. मग हळूहळू दुसरे आले, तिसरे आले. शांताबाई मुलींना शेजाऱ्यांकडे सोडून आजूबाजूच्या गावांत पायी जाऊन काम करायच्या. म्हशी भादरायचं कामही त्यांनी केलं. त्याच जिवावर मुलींची लग्नं झाली. आज देशातल्या पहिल्या महिला केशकर्तनकार म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं.

या गोष्टीत हिंमत शांताबाईंची, यात वादच नाही. पण हरिभाऊंनी नुसता सल्ला देऊन घरची वाट धरली असती तर? हेअरकट मॉडेल हा शब्द त्यांनी कधी ऐकलाही नसेल. काम मात्र त्यांनी तेच केलं.

योजनेत डोकं मिळत नाही

आता सावद्यात या. इथे काचेची चकाचक अकॅडमी नसेल, पण शिकणारे हात आहेतच. तुमच्या गल्लीत पार्लरचा कोर्स करणारी एखादी ताई असेल. नेहमीच्या सलूनमध्ये काकांच्या शेजारी उभं राहून केस झाडणारा, टॉवेल देणारा पोरगा असेल. हाच पोरगा दोन वर्षं फक्त बघतोय. गर्दीच्या रविवारी त्याच्या खुर्चीसमोर कुणी जात नाही. ‘नाही भो, मी थांबतो, काकांकडेच बसतो’ असं म्हणून आपण मोबाइल काढतो.

पूर्वी बलुतेदारीत हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सुटायचा. न्हाव्याच्या घरात जन्मला तो न्हावी, आणि गावातली घरं ठरलेली. शिकायला घरातलीच चुलत-मावस भावंडं मिळायची. काम निवडायची मुभा नव्हती आणि मोबदला वर्षाला धान्यात. आज हे काम कुणीही शिकू शकतं. आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा ट्रेड आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत केशकर्तन आहे. त्यात प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत आहे. कात्री येईल, मशीन येईल. पण ज्या मुलीच्या घरात हा धंदा कधीच नव्हता, तिला समोर बसणारी माणसं कोण देणार? डोकं कुठल्याच योजनेत मिळत नाही. ते गल्लीतूनच, कॉलेजातूनच यावं लागतं.

आणि हे फक्त केसांपुरतं आहे का? डेंटल कॉलेजातल्या विद्यार्थ्याला पहिला पेशंट लागतो, नर्सिंगच्या मुलीला इंजेक्शनसाठी पहिला दंड लागतो. उद्या तुम्ही वकील व्हा, सीए व्हा, मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाका. तुमच्यावरही कुणीतरी पहिल्यांदा भरवसा टाकावा लागणारच आहे.

खुर्चीत बसल्यावर

शिकाऊ हाताखाली बसायचं ठरवलं, तर काय होतं ते माहीत असलेलं बरं. आधी केस बघतात, तुम्हाला विचारतात. मग धुणं, विंचरणं. डोक्याचे भाग पाडून चिमटे लावतात. एक बट आधी कापतात, तिच्या मापाने बाकीचं सगळं चालतं. प्रत्येक टप्प्याला शिकवणारे येऊन बघतात, कधी सगळं पुन्हा विंचरायला लावतात. शिकणारा हात थरथरतो. अशा वेळी तुम्ही दर मिनिटाला आरशात बघून ‘झालं का? बरोबर आहे ना?’ विचारलंत, तर तो आणखी थरथरेल. पण काही टोचलं, ओढलं गेलं, भाजलं तर लगेच बोला. गप्प बसणारं डोकं डमीसारखंच असतं, त्यातून शिकणाऱ्याला काही कळत नाही.

शेवटी ‘छान झालंय’ एवढंच म्हणून उठू नका. उजवी बाजू जड वाटते, मानेजवळ मशीन खरखरीत लागलं, हे नीट सांगा. चार दिवसांनी, घरी डोकं धुतल्यावर केस कसे बसले तेही कळवा. शिकणाऱ्याला हे कुठल्याच पुस्तकात मिळत नाही.

आणि बिघडलंच तर? डोक्याचे केस महिन्याला साधारण अर्धा इंच वाढतात. एक इंच चुकला तर दोन महिन्यांत भरून निघतो. लांब वेणी असेल तर हिशेब बदलतो. चार इंच जास्त गेले तर आठ महिने. तेव्हा किती गमवायची तयारी आहे ते आधी ठरवा, मग बसा.

नाही म्हणता येतं

डोकं दिलं म्हणजे हक्क सोडला असं नाही. आपल्याकडे केस हा कधीच साधा विषय नव्हता. एकेकाळी विधवांचं केशवपन त्यांच्या मर्जीविरुद्ध व्हायचं. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या न्हाव्यांनी एकत्र येऊन असं केशवपन करायला नकार दिला. समोरच्या डोक्याची मर्जी नसेल तर वस्तरा चालवायचा नाही, हे खुद्द वस्तरा धरणाऱ्यांनीच सांगितलं होतं.

तेव्हा मॉडेल म्हणून बसलात तरी ‘एवढंच’, ‘हे नको’, ‘आता थांबा’ म्हणायचा अधिकार तुमचाच. कट आवडला तरी फोटो, रील टाकायला नको असेल तर तसं सांगा. ‘बिफोर-आफ्टर’चा व्हिडिओ तुम्हाला विचारल्याशिवाय जाता कामा नये. मुलींनो, सोबत मैत्रीण न्यायची असेल तर बिनधास्त न्या.

डोकं देण्याआधी

• शिकवणारी व्यक्ती शेजारी असणार आहे ना, हे विचारा. शिकाऊ हात एकटा असेल तर साध्या ट्रिमिंगवर थांबा.

• आज कुठला कट, किती इंच जाणार, किती वेळ लागणार, हे आधी बोलून घ्या.

• वस्तऱ्याचं ब्लेड तुमच्यासमोर नवीन लावायला सांगा. वापरलेल्या ब्लेडमधून हेपेटायटिस बी आणि सीसारखे आजार पसरू शकतात. कंगवा, मशीन, टॉवेल स्वच्छ हवेत.

• कलर करणार असतील तर ४८ तास आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लावून बघा. खाज, सूज, पुरळ आलं तर कलर करायचाच नाही.

• उवा, नायटा, डोक्यावर जखम, जुनी ॲलर्जी, आधी लावलेली मेंदी किंवा डाय, काहीही लपवू नका.

• घरात लग्न, आखाजी किंवा मुलाखत तोंडावर असेल तर तो महिना सोडा.

• आजी वार पाळत असेल तर तिचा वार सांभाळा. डोकं देऊन घरी भांडण कशाला?

तर पुढच्या वेळी सलूनमध्ये गेलात आणि मोठ्या काकांच्या खुर्चीसमोर रांग असेल, तर शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे एकदा बघा. तिथल्या पोराला विचारा, ‘काय रे, शिकतोयस का? काकांना सांग लक्ष ठेवायला, मी बसतो.’ किंवा गल्लीतल्या त्या ताईला म्हणा, ‘दोन इंच काप, पण सरळ काप हं.’ तिची कात्री पहिल्यांदा थोडी हळूच चालेल. चालू द्या.