‘रजनी’ आणि प्रिया तेंडुलकर

नटीला तिच्या भूमिकेच्या नावाने ओळखले जाणे ही नवलाची गोष्ट नव्हे. परंतु त्या भूमिकेकडे लोकांनी आपली गाऱ्हाणी घेऊन जावे, असे क्वचितच घडते. प्रिया तेंडुलकर यांच्या बाबतीत ते घडले.

१९ ऑक्टोबर १९५४ रोजी जन्मलेल्या प्रिया या नाटककार विजय तेंडुलकर यांच्या कन्या. श्याम बेनेगल यांच्या ‘अंकुर’ (१९७४) या चित्रपटात त्यांनी जमीनदारपुत्राच्या तरुण पत्नीची भूमिका केली. तथापि देशभर त्या घरोघरी पोचल्या त्या १९८५ साली, बासू चटर्जी यांनी दूरदर्शनसाठी दिग्दर्शित केलेल्या ‘रजनी’ या हिंदी मालिकेमुळे.

रजनी ही साधी गृहिणी. तिच्यापाशी ना सत्ता, ना कोणाचा वशिला. गॅसच्या सिलिंडरापायी होणारी अडवणूक, टॅक्सीचालकाची मनमानी, अशा ज्या गोष्टी आपण ‘चालायचेच’ म्हणून सोडून देतो, त्यांचा ती जाब विचारी. टॅक्सीचालकांनी त्या चित्रणाचा जाहीर निषेध केला, यावरून बाण कोठे लागला होता हे ध्यानी यावे.

१९८६ मध्ये संसदेने ग्राहक संरक्षण कायदा संमत केला व जिल्हा, राज्य आणि राष्ट्र अशा तीन पायऱ्यांवर दाद मागण्याची सोय झाली. त्याचे श्रेय एका मालिकेला देणे अतिशयोक्तीचे होईल. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासूनच हे कार्य करीत होती. परंतु कायदा हक्क देतो. तो मागण्याचे धैर्य समाजात निराळेच रुजवावे लागते. मध्यमवर्गीय घरांत ते रुजविण्यास रजनीने हातभार लावला.

या लोकप्रियतेचे ओझेही होते. लोक आपली खरीखुरी दुःखे पडद्यावरील रजनीपुढे मांडू लागले. प्रियाताईंनी ते ओझे झटकले नाही. सामाजिक प्रश्नांवर त्या निर्भीडपणे बोलत राहिल्या आणि पुढे दूरचित्रवाणीवर स्वतःच्या नावाच्या चर्चा-कार्यक्रमातून असे प्रश्न त्यांनी लोकांसमोर आणले. त्या कथालेखिकाही होत्या. त्यांच्या एका कथासंग्रहाचे नाव आहे ‘ज्याचा त्याचा प्रश्न’. रजनीचे सांगणे मात्र नेमके उलट होते: शेजाऱ्यावरचा अन्याय हा ज्याचा त्याचा प्रश्न नसतो.

१९ सप्टेंबर २००२ रोजी, अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. १९८६ च्या कायद्याची जागा आता २०१९ च्या नव्या कायद्याने घेतली आहे. जाब विचारणाऱ्या नागरिकाची जागा मात्र कोणताही कायदा घेऊ शकत नाही.